हवेतला खड्डा

मागून कुणी हाक मारली तर ते मान वळवत नसत. सगळ्या अंगानिशी वळत. आधी पाय, मग कंबर, मग खांदे आणि सगळ्यात शेवटी तोंड. जड कपाट फिरवून ठेवावं तसं. तोवर हाक मारणारा बऱ्याच वेळा निघून गेलेला असायचा. मग ते म्हणत, "ज्याला खरं काम व्हतं तो थांबला असता."

आम्ही त्यांना विमानवाले मामा म्हणायचो. त्यांचं नाव मला ठाऊक आहे, पण ते मी लिहीत नाही. ज्यांनी त्यांना बघितलं ते ओळखतील, आणि ज्यांनी नाही बघितलं त्यांना नावाचं काय करायचंय? मी तिसरीतून उठलो तो थेट ट्रकवर क्लीनर झालो आणि पुढं स्वतःचा टेंपो घेतला. त्यामुळे लिहिताना कुठं चुकलो तर चुकलो. गाडी चालवताना चुकलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तेव्हा कुंभिवलीचा फाटा म्हणजे हायवेच्या कडेला दोन हाटेलं, एक पंक्चरवाला आणि आम्हा टेंपोवाल्यांची रांग. कारखाने नुकते कुठं उभे राहत होते. मामांचं घर मागच्या वस्तीत होतं. अंगणात ते बाजा विणत बसायचे. लाकडाच्या चौकटीला नवार ताणून अशी बसवायचे की त्यावर निजणाऱ्याची पाठ दुखायची नाही, आणि विणताना मात्र त्यांची स्वतःची मान दुखायची. दुखली की उठून फाट्यावर यायचे आणि आमच्यात बसायचे. बसायचे म्हणजे काय, एक हात कशाला तरी धरून बसायचे. खांबाला, टेंपोच्या मागच्या फाळक्याला, काहीच नसलं तर माझ्या खांद्याला. मयताला गेले तरी एका हातानं झाड धरून उभे राहायचे.

त्यांच्या खांद्यावर कायम एक पट्टा असायचा. बाजेची रुंद नवार, दुहेरी शिवलेली आणि एका टोकाला खोपोलीच्या चांभाराकडून लावून घेतलेलं लोखंडी बक्कल. लोक खांद्यावर टॉवेल टाकतात तसा ते पट्टा टाकत.

आता त्यांच्या विमानाचं सांगतो.

छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धर्म घेतला, त्याच सुमाराला ते मुंबईला गेले आणि एका गिरणीवाल्या शेठच्या हापिसात चहा द्यायला लागले. हात असा स्थिर की काठोकाठ भरलेला कप जिने चढून वर नेला तरी बशी कोरडी. पुढं शेठनं स्वतःचं विमान घेतलं. दोन पंख्यांचं, आत एका जीपभर माणसं मावतील एवढंसं. शेठला हापिसात चहा मामांच्याच हातचा लागायचा, तर तो वर गेल्यावरही लागायला लागला. म्हणून मामा विमानात. त्यांचं काम दोनच गोष्टींचं. चहा द्यायचा, आणि विमान हलायच्या आधी सगळ्यांना सांगायचं, "पट्टा बांधा." ज्यांच्या वडलांना हाटेलाबाहेर उकिडवं बसून चहा प्यावा लागायचा, त्यांच्या हातचा चहा शेठलोक ढगांवर बसून पीत होते. हे मामा कधी बोलून दाखवत नसत. मी दाखवतोय.

एका उन्हाळ्यात दुपारी शेठ पुण्याकडं निघाला होता. आमच्याच डोक्यावरून. घाटाच्या वर आल्यावर विमान एकदम खाली गेलं. मामा ते असं सांगायचे: "विमान खाली गेलं आनि मी व्हतो तिथंच राह्यलो. मंग छप्पर माझ्याकडं आलं. मान लागली. मंग विमान वर आलं आनि मी खाली गेलो. किटली माझ्या हातातच व्हती."

विमान पुण्याला सुखरूप उतरलं. मामा मात्र पुष्कळ दिवस इस्पितळात गळ्याभोवती प्लास्टर घेऊन पडून होते. शेठनं हापिसात परत बोलावलं. मामा गेले नाहीत. गावी आले ते कायमचे.

फाट्यावर उभं राहिलं की घाटाच्या अंगाला नागफणीचा सुळका दिसतो. मामा नव्या माणसाला हाताला धरून उभं करत आणि आभाळात बोट दाखवत. "त्या सुळक्याच्या डाव्या अंगाला, जरा वर. तिथं माझी मान गेली." जसं कुणी म्हणावं, त्या विहिरीत माझी घागर पडली.

आम्ही डायवर लोक टिंगल करायला तयारच असायचो.

"मामा, हवेत खड्डा कसा असंल? तिथं डांबर कुणी टाकलं व्हतं?"

"तुला रस्त्यावरचा खड्डा दिसतो का रं?"

"दिसतो की."

"मंग तो कसला खड्डा? दिसत नाय त्याला खड्डा म्हनत्यात."

आम्ही चहा मागवायचो. चहाही ते अर्धाच कप घ्यायचे. हाटेलवाल्यानं पुरा भरला तर अर्धा दुसऱ्याच्या कपात ओतून मोकळे व्हायचे.

त्यांचं एस.टी.त बसणं हा तर फाट्यावरचा खेळच होता. सपाटीला ते एस.टी.नं जात, चौक, पनवेल, कर्जत, कुठंही. पण बसले की पट्टा सीटच्या दांड्यातून घेऊन पोटावर बक्कल लावायचे. एक कंडक्टर त्यांच्यावर फार टपून असायचा.

"ओ मामा, सीट काय पळून चाललीय का?"

"सीट नाय पळनार. मी पळीन. तुझ्या डायवरला जोरात बिरेक मारायला सांग, मंग बघ मी कुठं जातो आनि तू कुठं जातो."

"उतरताना बक्कल सुटलं नाय तर पार पनवेलला न्हेईन."

"न्हे. तिकीट खालापूरपतूरचंच काढनार."

अख्खी गाडी हसायची. मामा समोर बघत बसायचे. मान वळत नसल्यामुळे कोण हसतंय ते त्यांना दिसतच नसावं, असं मला आधी वाटायचं. नंतर कळलं की दिसत होतं.

घरात तीच तऱ्हा. बायको लवकर गेली होती, मुलगी लहान, म्हणून विधवा बहीण येऊन राहिली होती. सगळी वस्ती तिला आत्या म्हणायची. फळीवरची भांडी मामांनी सुतळीनं बांधून ठेवलेली. आत्या करवादायची, "दादा, भूकंप येनार हाय का रं? तुझ्या घरात तहान लागली तर आधी गाठ सोडाया लागते."

"सुटते ना?"

"सुटते."

"मंग पी पानी."

पट्टा बांधा हे सांगायला त्यांना कुणाचीच भीड नव्हती. घोड्यावर बसलेल्या नवरदेवाला सांगायचे. एकदा तालुक्याचे कुणी मोठे साहेब जीपनं विहिरीची पाहणी करायला आले. परत निघाले तर मामा जीपच्या आडवे.

"साहेब, पट्टा बांधा."

साहेब म्हणाले, "जीपला पट्टा नसतो."

"माझ्याकडं हाय."

असं म्हणून त्यांनी खांद्यावरचा पट्टा काढला, सीटच्या मागून घेतला आणि साहेबांच्या पोटावर बक्कल लावलं. सरपंच घामाघूम झाले. साहेब बिचारे तसेच गेले आणि चार दिवसांनी शिपायाच्या हाती पट्टा परत पाठवला. आता माझ्या नातवाच्या गाडीत पट्टा बांधला नाही तर गाडीच ओरडायला लागते. मी ओरडू देतो. गाडीचं मी कधीच ऐकत नव्हतो, गाडी माझं ऐकायची. पण तो आवाज आला की मला त्या साहेबांचं तोंड आठवतं.

एवढा भिडस्त माणूस, शेठच्या हापिसात मान खाली घालून वावरलेला, त्याला ही हिंमत कुठून आली ते मला पुष्कळ उशिरा कळलं. ते कळलं त्यांच्या मुलीपायी.

मुलगी एकच. मामा तिला बाय म्हणायचे. तिचं लग्न इथंच वस्तीवर लागलं आणि ती घाटावर कामशेतला नांदायला गेली. जावई तिथं कारखान्यात होता, शांत माणूस. सणाला मुलगी यायची, नवरा आणून सोडायचा. पण मामा तिच्या घरी कधी गेले नव्हते. खोपोलीच्या पुढं, घाट चढून, ते त्या दुपारनंतर कधीच गेले नव्हते. तिच्या सासूनं ते बरोब्बर हेरलं होतं. येताजाता म्हणायची, "तुझ्या बापाला घाट चढवत नाय गं. इमानात बसनारा मानूस."

मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं आणि बापानं नाहीतर भावानं न्यायला यायचं, ही आपल्याकडची रीत. भाऊ नव्हताच. जावई एका रविवारी खाली आला आणि अंगणात उभ्या उभ्या म्हणाला, "मामंजी, मी म्हनलं मी आनून सोडतो. ती ऐकत नाय. म्हनते, बाबा आलं न्याया तर जाईन, नायतर इथंच बाळंत व्हईन."

आत्यानं तोंडाला पदर लावला. तिकडं सासू दम्यानं बेजार, करणारं बाईमाणूस दुसरं कुणी नाही. पहिलटकरीण, तिथं तिचं कोण बघणार? मामा नवार गुंडाळून उठले. संध्याकाळी फाट्यावर आले आणि आमच्याकडं बघत उभे राहिले. एकेकाकडं बघायचं तर त्यांना पाय हलवून वळावं लागायचं. ते रांगेतल्या प्रत्येकाकडं असे वळले.

"मामा, रेल्वेनं आना की," कुणीतरी म्हणालं. "पळसदरीवरनं कर्जतला उतरलं की झालं."

"रेल्वेत बांधाया काय हाय? आनि उभ्या गर्दीत कुनाचा कोपर पोरीच्या पोटाला लागला तर? टेंपोच पायजे. पन डायवर मी बघून घेनार."

डायवर बघायचा म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मामा किटली घेऊन आले. आमच्या टेंपोंच्या केबिनमध्ये डायवर आणि शेजारची सीट यांच्या मध्ये इंजनाची पेटी असते. त्या पेटीवर त्यांनी कप ठेवला आणि काठोकाठ चहा ओतला. हा घेऊन खोपोलीच्या नाक्यापर्यंत जायचं आणि यायचं. ज्याचा सांडणार नाही तो मुलीला आणणार. आमच्या फाट्यावर परीक्षा अशी कुणी कधी घेतलीच नव्हती. सगळे हसले आणि सगळे बसले.

पहिल्याचा कप पहिल्या गियरलाच लवंडला. दुसरा नीट घेऊन आला, पण मामांनी कपात बोट घालून बघितलं तर चहा अर्धा आणि ह्याच्या मिशा ओल्या. वाटेत पिऊन आला होता. मामा म्हणाले, "तुला डायवर नाय करत, तुला गिऱ्हाईक करतो." मग मी गेलो. माझा सांडला नाही. थोडा बशीत आला, पण बशीत येण्याला सांडणं म्हणत नाहीत. मामांनी बशीकडं बघितलं, माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "तू."

मी ताठ झालो. हे मी आजही लपवत नाही.

पण पुढच्याच दिवशी आमचं वाजलं. मामा मिस्त्रीला घेऊन आले आणि माझ्या सीटांच्या लोखंडाला बोल्ट मारून पट्टे बसवायला लागले. एक मुलीला, एक स्वतःला. मी गप्प होतो. मग तिसरा पट्टा माझ्या सीटला लावला.

"हा कुनाला?"

"तुला."

"मामा, मी काय बैल हाय का बांधाया? कालच चा घेऊन आलो ना मी?"

"आलास."

"मंग माझ्या हातावर इश्वास नाय?"

"हातावर हाय रं. खड्ड्यावर नाय."

"मी पट्टा बांधून टेंपो चालवला तर उद्या फाट्यावर तोंड दावायची सोय ऱ्हानार नाय. दुसरा डायवर बघा."

"दुसरा मिशी भिजवून येतो."

"मंग चालत जावा!"

ते गेले. मीही त्यांच्या मागं गेलो नाही. आठवडा असाच गेला, मी इकडं टेंपोत, ते तिकडं बाजेवर. आत्या माझ्या दारात येऊन आमच्या दोघांच्या नावानं बोटं मोडून गेली. "बसा रुसून दोघं म्हातारे व्हईपतूर! पोर तिकडं कुनाच्या हातात जाईल त्याची हाय का फिकीर?" माझी बायकोही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तसाच.

मग मामाच आले. मी टेंपो पुसत होतो. ते फाळका धरून उभे राहिले आणि जे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं.

त्या दिवशी विमानात शेठचा एक दोस्त होता. कापडाचा व्यापारी, पोट मोठं, हसणं त्याहून मोठं. मामांनी नेहमीसारखं सांगितलं, पट्टा बांधा. त्यानं बांधला. वर गेल्यावर म्हणाला, पोटाला काचतोय, आणि सोडला. मामा म्हणाले, साहेब, पट्टा. तो हसला. शेठही हसला.

"आता शेठच हसला म्हनल्यावर मी काय बोलनार? एकदा सांगितलं, गप बसलो. चा ओताया लागलो. मंग ते झालं." मामा फाळक्यावरची धूळ बोटानं पुसत होते. "माझी नुसती मान गेली. तो मानूस पुन्ना उभा नाय राह्यला. चाकाच्या खुर्चीतच. मी इस्पितळातनं सुटल्यावर बघाया गेलो व्हतो. हसून म्हनला, तू सांगितलं व्हतं रे. त्यो हसला नसता तर बरं झालं असतं."

मी फडकं पिळलं.

मग म्हणालो, "मामा, तो बसलेला मानूस व्हता. मी चालवनारा हाय. चालवनाऱ्याला खड्डा हाताला कळतो. मी बांधनार नाय."

आता तुम्ही म्हणाल काय हा दगड माणूस. पण त्यांना मी तसाच हवा होतो असं मला वाटतं. लगेच हो म्हटलं असतं तर त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला नसता. ते म्हणाले, "बरं. बांधू नको. पन काढू पन नको. लटकू दे तिथं."

लटकू दिला.

सकाळी निघालो. मामा नवं धोतर, पांढरा सदरा, आणि पोटावर बक्कल. खोपोली सोडली आणि चढ लागला तशी त्यांची बडबड बंद झाली. दोन्ही हातांनी सीटची कड धरली होती. कपाळावरून घाम गळत होता आणि तो पुसायला हात सुटत नव्हता. घाटातल्या देवळापाशी आम्ही सगळे डायवर नाणं टाकतो, मीही टाकलं. तेवढ्यात मामा बोलले, "आमी नाणं टाकत नाय. आमी पट्टा बांधतो." मी हसलो, तेही हसले, आणि त्यांचा एक हात सुटला. त्या हातानं त्यांनी घाम पुसला. घाट संपला तेव्हा त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, लांबवर, आणि म्हणाले, "इतकंच व्हतं व्हय."

कामशेतला मुलगी दारातच उभी होती. वडलांना बघून ती धावत आली नाही, तिला धावता येत नव्हतं. दाराची चौकट धरून उभी राहिली आणि आत वळून मोठ्यानं म्हणाली, "सासूबाई, बाबा आले. घाट चढून आले." त्या म्हातारीला ऐकू जावं म्हणून नाही, शेजारच्या दोन घरांना ऐकू जावं म्हणून.

जेवण झालं, ओटी भरली. टेंपोत बसवताना मामा मुलीला पट्टा बांधायला लागले तशी सासू खोकत खोकत म्हणाली, "व्याही, बांधून न्हेताय व्हय? आमची सून काय पळून चाललीय?"

मामा सगळ्या अंगानिशी तिच्याकडं वळले. "विहीणबाई, भांडी न्हेली असती तरी बांधून न्हेली असती. ही तर माझी पोरगी हाय."

उतार सुरू होईपर्यंत सगळं छान चाललं होतं. मुलगी बोलत होती, आत्या कशी आहे, शेळी व्याली का, माझ्या बायकोच्या पापडांचं काय झालं. घाटाला लागलो, मी गाडी खालच्या गियरमध्ये टाकली. उतारावर माणूस पुढं झुकतो, पट्टा ताणला जातो. ती बोलायची थांबली. मग म्हणाली, "बाबा, काचतंय."

"जरा दम धर, बाय."

एक वळण गेलं. "बाबा, पोटाला काचतंय. मी सोडते."

मामांनी तिचं मनगट पकडलं. "सोडायचा नाय!"

हा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. टेंपोच्या इंजनाच्या वर गेला.

"आत हालतंय ओ बाबा. त्याला लागतंय."

मी बाजूला बघितलं. उतारावर डायवरनं बाजूला बघायचं नसतं, पण बघितलं. मामांचं तोंड चुन्यासारखं झालं होतं. पोटाला काचतोय. मला जे आठवलं तेच त्यांना आठवलं असणार. तिथं ते गप्प बसले होते आणि एक माणूस खुर्चीत गेला. इथं गप्प बसायचं नव्हतं म्हणून ओरडले, तर आतल्या जिवाला लागत होतं.

मी वळणाच्या पुढं जरा रुंद जागा बघून टेंपो कडेला घेतला, उतरलो आणि चाकांना दगड लावले. मामांनी पट्टा सगळ्या तऱ्हेनं लावून बघितला. पोटाच्या खालून घेतला, तो वर सरकला. छातीवरून घेतला, तो गळ्याला लागायला लागला. सैल केला, तर तो बांधण्यात आणि न बांधण्यात काही फरक राहिला नाही. बक्कल त्यांच्या बोटांतून निसटत होतं. ज्या बोटांनी भरला कप जिने चढून नेला ती बोटं.

मुलगी हळूच म्हणाली, "राहू द्या बाबा. मी दांडा धरून बसते."

"धरून कायबी व्हत नाय गं," मामा म्हणाले. "मी किटली धरली व्हती."

वरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

मग मामांनी तिचा पट्टा सोडला. आणि मग स्वतःचा सोडला. ते सीटवरून खाली सरकले आणि तिच्या पुढ्यात केबिनच्या तळाच्या फळीवर बसले, तोंड तिच्याकडं, पाठ पुढच्या पत्र्याला. दोन्ही टाचा सीटच्या लोखंडाला रोवल्या. मान वाकत नव्हती म्हणून खुंटासारखे ताठ. तिचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर ठेवले.

"आता कायबी झालं तर तू माझ्यावर येशील. काचेवर नाय."

"आनि तुमी?"

"माझ्या मागं पत्रा हाय. पत्र्याला काय व्हतंय?" मग मला म्हणाले, "डायवर, मला रस्ता दिसत नाय. तू बघ."

माझ्या पट्ट्याचं नावही त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर मी बांधला नसता, देवाशपथ. मी दगड काढले, वर चढलो, सीटवर बसलो. हात स्टेरिंगवर ठेवला. पुन्हा काढला. तो लटकणारा पट्टा घेतला आणि बक्कल लावलं. त्यांच्या सांगण्यावरून नाही. समोर काही झालं आणि मीच सीटवरून उडालो, तर ह्या दोघांना धरणारं कुणी उरणार नव्हतं, एवढाच हिशोब.

त्या उतारावर मी जेवढा हळू आलो तेवढा हळू बैलगाडीसुद्धा येत नाही. मागचे ट्रकवाले माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत पुढं जात होते. एरवी मी एकाचीही शिवी घेतली नसती, त्या दिवशी सगळ्या घेतल्या. मामांना पुढचं काहीच दिसत नव्हतं, म्हणून मुलगी त्यांना सांगत होती. "बाबा, आता डावीकडं वळण हाय हां. आता रस्ता खराब हाय, घट्ट बसा. आता एक बस येतीय समोरनं. गेली. बाबा, आता सरळ हाय जरा, श्वास घ्या." आणि मामा प्रत्येक वेळी म्हणत होते, "बरं." नुसतं बरं. घाट संपला, खोपोली गेली, सपाट रस्ता लागला तरी ते उठले नाहीत आणि तिनंही खांद्यांवरचे हात काढले नाहीत.

बाळंतपण पुढं नीट झालं, मुलगी झाली, हे इथंच सांगून टाकतो. कुणाला घोर नको. पण मला सांगायचंय ते फाट्यावर उतरण्याचं.

फाट्यावर सगळे जमलेले. आत्या भाकरतुकडा ओवाळायला घेऊन उभी. टेंपो थांबला, आत्यानं दार उघडलं आणि मामांना फळीवर बसलेलं बघून कपाळावर हात मारला. मुलगी वडलांच्या अंगावरून पाय टाकून हळूहळू उतरली, आणि आपल्या पायांनी चालत वस्तीकडं निघाली. बायका तिच्याभोवती. मामांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, ते तिथंच बसून तिच्याकडं बघत होते.

मीही रुबाबात उतरायला गेलो. एका दिवसात कामशेत करून, पहिलटकरणीला घाटातून अलगद आणून, चार माणसांसमोर उतरायचं म्हणजे रुबाब हवाच. दार उघडलं, पाय बाहेर टाकला आणि तिथंच अडकलो. उतरता येईना. पुन्हा जोर केला, पुन्हा मागं आपटलो. मी पट्टा बांधलाय हे विसरूनच गेलो होतो.

फाटा असा हसला की हायवेवरच्या गाड्या हळू झाल्या. तो मिशीवाला तर जमिनीवर बसला. "आरं बांधलाय! ह्याला पन बांधून आनलाय!" मी बक्कलाशी झटत होतो, आणि जेवढा झटत होतो तेवढं ते घट्ट होत होतं. माझे कान तापले.

मामा हसले नाहीत. ते फळीवरून उठले, इंजनाच्या पेटीवर हात टेकून माझ्याकडं वळले. पाय, कंबर, खांदे, तोंड. बक्कलावर एक बोट ठेवलं आणि ते सुटलं. मग सदरा सारखा केला, दोन्ही हात पोटाशी धरले आणि शेठलोकांशी बोलताना असेल तशा हलक्या, अदबीच्या आवाजात मला म्हणाले, "पोचलो, साहेब. आता उतरा."

मला त्याआधी कुणी साहेब म्हटलं नव्हतं. त्यानंतरही कुणी म्हटलं नाही, आणि माझं काही अडलं नाही.